कोण हसलं नाही

एस्तेरीनं डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत खाली ओढला आणि दाराजवळच्या चटईवर, लेकुरवाळ्या बायकांच्या घोळक्यात अंग चोरून बसली. दुपारचे दोन वाजले होते, पण पत्र्याच्या त्या लांबट हॉलच्या खिडक्यांवर घोंगड्या टाकून अंधार केला होता. समोरच्या भिंतीवर सिनेमा चालू होता. दोन पोलीस एका मेलेल्या माणसाला कोट-टोपी चढवून सायकलच्या मागच्या कॅरियरवर बांधत होते आणि शंभरेक माणसं पोट धरून हसत होती. एस्तेरी भिंतीकडे बघतच नव्हती. ती आपल्या नवऱ्याला शोधत होती.

तो सापडायला वेळ लागला, कारण ती त्याला बाकांवर शोधत होती. तो पडद्याच्या अगदी शेजारी, भिंतीला टेकून, एका स्टुलावर बसला होता. पडद्याकडे त्याची पाठ होती. तो लोकांची तोंडं बघत होता.

थोडा वेळ तिनं त्याच्या नजरेवर नजर ठेवली आणि मग तिच्या लक्षात आलं, सगळ्यांची नाही. पुरुषांवरून त्याची नजर घसरून जाई. पोरीबाळींवरूनही. पन्नाशीच्या आसपासची किंवा त्यापुढची एखादी बाई आली की तिथं ती थांबे, आणि चांगली थांबे. मग तो मांडीवरच्या कागदावर काहीतरी खरडे आणि पुढच्या बाकाकडे वळे.

सकाळी निघताना तो म्हणाला होता, "कॉफी सोसायटीची मीटिंग आहे." गेल्या शनिवारीही मीटिंग होती. त्याच्या आदल्या शनिवारीही. एस्तेरीला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. केस विंचरायला गेली तेव्हा सलूनवाली फ्लोराच म्हणाली, "नालोंगो, तुमच्या सालोंगोला म्हातारपणी सिनेमाचं वेड लागलंय, की सिनेमाला येणाऱ्यांचं?" जुळ्या मुली झाल्यापासून सगळं गाव तिला नालोंगो आणि नवऱ्याला सालोंगो अशीच हाक मारत असे. फ्लोराच्या खुर्चीत बसलेली दुसरी बाई तोंडावर हात ठेवून हसली होती. एस्तेरीही हसली होती, आणि आज रुमाल ओढून इथं आली होती.

सिनेमा संपला. लोक डोळे चोळत उन्हात आले आणि फणसाच्या झाडाखाली नेहमीचं भांडण सुरू झालं. गेले तीन आठवडे हेच चाललं होतं. 'पाहुणा उठेना' हा इथंच, याच गावात काढलेला सिनेमा. त्यावरून नामुन्येरेत दोन तट पडले होते. एकाच घरात सासू एका बाजूला आणि सून दुसऱ्या बाजूला, अशी गत.

"मेल्या माणसाची चेष्टा करायची आणि वर तिकीट लावायचं," धर्मशिक्षक व्हिन्सेंट म्हणत होते. "ओढ्याकाठी प्रेत सापडतं. या काठाचे पोलीस रातोरात ते त्या काठाला टाकतात, त्या काठाचे परत इकडे आणतात. चार वेळा. यात हसण्यासारखं काय आहे?"

"मेल्याची चेष्टा कुठं आहे? पोलिसांची आहे," फ्लोरा म्हणाली. "गाडी नाही, पेट्रोल नाही, जिल्ह्याच्या दवाखान्यात प्रेत न्यायचं कुणी? मग ढकल त्याच्या दारात. आपल्याकडे जिवंत माणसांचंही असंच करतात की."

"आणि शेवटचं? वहीत काय लिहायचं म्हणून 'मोकाट कुत्रं पुरलं' असं लिहितात, ते? इतकं कुणी करत नसतं, बाई. अतिशयोक्तीलाही सुमार असतो."

"ते जरा जास्तच झालं," एका खाटकानं मान डोलवली. "बाकी ती चपलेची गंमत मात्र झकास."

चपलेचं नाव निघताच दोन्ही तट हसले. मेलेल्याच्या शर्टाच्या आत पोलिसांना बाईची एकच चप्पल सापडते. त्यावरून ते असा निष्कर्ष काढतात की मारेकरीण एका पायाची असणार, आणि गावातल्या झाडून सगळ्या लंगड्या बायकांना चौकीसमोर रांगेत उभं करतात. त्या रांगेवर धर्मशिक्षकांची बायकोसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसली होती, असं फ्लोराचं म्हणणं होतं.

झाडाच्या पलीकडून एस्तेरी पाहत होती. तिचा नवरा या घोळक्यातून त्या घोळक्यात फिरत होता. बायकांपाशी थांबून, टोपी हातात घेऊन, अदबीनं विचारत होता. दोन घोळक्यांवरून वाऱ्यानं त्याचे शब्द तिच्यापर्यंत आले.

"आवडला का? तुम्हाला कुठं हसू आलं नाही, असं झालं का हो?"

बत्तीस वर्षांच्या संसारात त्यानं एस्तेरीला कधी इतक्या मऊ आवाजात काही विचारलं नव्हतं.

तो घरी आला तेव्हा ती अंगणात मातोके सोलत होती. केळ्याच्या चिकानं बोटं काळी झाली होती.

"कशी झाली मीटिंग?"

"झाली," तो म्हणाला. "तेच ते."

"बायका होत्या?"

तो टोपी आणि शर्ट खुंटीला अडकवत होता. "सोसायटीत कसल्या बायका?" म्हणाला आणि परसात तोंड धुवायला गेला.

तो परसात असताना तिनं खुंटीवरच्या शर्टाचा खिसा चाचपला. आयुष्यात पहिल्यांदा. घडी घातलेला कागद हाती आला. पोलिसात असताना त्याचं अक्षर जसं सरळ, दाबून लिहिलेलं असे तसंच अजून होतं. 'सलूनची फ्लोरा, हसली. व्हिन्सेंटची बायको, हसली. किसावोची सुईण, डोळे पुसले, पण हसून. दुसरा बाक, टोपलीवाली, हसली. पाचवा बाक, डाव्या गालावर तीळ, झोपलेली.' पुढे, पाठीमागे, सगळा कागद असाच. हसली, हसली, हसली.

बाई ठेवलेला माणूस असं काही लिहीत नाही, इतकं एस्तेरीला कळत होतं. पण मग असलं कोण लिहितं, ते काही तिला कळेना. बाईचा संशय निदान ओळखीचा होता. हा कुठला होता, तिला ठाऊक नव्हतं. तिनं कागद होता तसा ठेवला. त्या संध्याकाळी शेंगदाण्याच्या रश्श्यात मीठ टाकायचं राहून गेलं, आणि त्यानं ते मुकाट्यानं खाल्लं. तेही तिला खटकलं.

सोमवारी ती बसथांब्याजवळच्या जोव्हियाच्या दुकानात गेली. जोव्हिया एरवी लग्नांचे व्हिडिओ काढायची. हा सिनेमा तिनंच काढला होता. पस्तिशीची, तोंडाळ, एकटी राहणारी. दुकानात छोट्या पडद्यावर कुणाची तरी नवरी रडत होती आणि जोव्हिया तिचं रडणं कापून लहान करत होती.

"ही पोलिसांची गोष्ट तुला कुणी सांगितली गं?"

"डोक्यातून आली," जोव्हिया मागे न वळता म्हणाली. "सगळ्यांना हेच सांगते. शुक्रवारी एक पोलीस येऊन गेला, त्यालाही हेच सांगितलं. व्हिन्सेंट सरांनी वर अर्ज पाठवलाय म्हणे, तिकडेही हेच सांगेन. तुम्हाला कुणी पाठवलं?"

"मला कोण पाठवणार?"

"मग माझ्या पिक्चरची तुम्हाला काय पडली आहे, नालोंगो? तुम्ही तर व्हिन्सेंट सरांच्या बाजूच्या दिसता."

एस्तेरी बाकड्यावर बसली. पर्स मांडीवर घट्ट धरली. "माझा नवरा पडद्याशेजारी बसतो. लोकांकडे तोंड करून. त्याला तिथं बसायला तू जागा दिलीस?"

जोव्हियानं पडद्यावरची नवरी थांबवली. उठून दाराबाहेर डोकावली, मग दार पुढे लोटलं.

"मला वाटलं होतं तुम्हाला माहीत असेल," ती म्हणाली.

"काय?"

"ते चार दुपारी आले होते, गेल्या वर्षी. पहिल्या दोन दुपारी नुसते लग्नं बघत बसले. तिसऱ्या दुपारी बोलायला लागले. मी म्हटलं, सालोंगो, ही रडायची गोष्ट आहे, मला रडका पिक्चर काढू दे. तर म्हणाले, 'रडवलंस तर सगळेच रडतील. त्यात मला हवं ते माणूस ओळखू कसं येणार? हसव. इतकं हसव की कुणाला आवरणार नाही. मग जो हसणार नाही, तो दिसेल.'"

"कोण माणूस?"

"त्या मेलेल्याचं कुणीतरी. आई, बहीण, बायको. नाव-गाव काही ठाऊक नाही त्यांना. फक्त चप्पल. निळ्या पट्ट्याची, पट्टा तुटलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी ते सगळंच कापणार होते, लांबत होतं म्हणून. ते म्हणाले, 'चप्पल काढलीस तर सिनेमाच काढू नकोस.'" जोव्हियानं दाराकडे नजर टाकली. "कुत्र्याची नोंद मी पदरची घातली, असं लोकांना वाटतं. माझं डोकं इतकं नाही चालत."

एस्तेरीनं पर्सची कडी उघडली, बंद केली. सव्वीस वर्षांपूर्वी तो एकदा ड्यूटीवरून पायी घरी आला होता. नवीकोरी सायकल त्यानं वाटेत विकली होती. साखळी सारखी निसटते, म्हणाला. ती दोन दिवस त्याच्याशी भांडली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःहून बदली मागून घेतल्याचं सांगितलं, तेव्हा भांडणाचा विषय बदलला होता.

"सायकलचा रंग सांगितला होता त्यांनी?"

"हिरवी म्हणाले होते. मला हिरवी मिळाली नाही, म्हणून काळी वापरली."

एस्तेरीनं मान हलवली. दार उघडून ती बाहेर पडली तेव्हा जोव्हियानं मागून विचारलं, "तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?" ती चालत राहिली. जोव्हिया बराच वेळ दारात उभी राहून तिच्या पाठीकडे बघत होती.

आठवडाभर घरात दोघं एकमेकांशी जपून बोलले. तो कॉफीच्या बिया उन्हात पसरी, ती त्याच्या पाठीकडे बघे. ज्या हातांनी यानं मुलींना आंघोळी घातल्या त्याच हातांनी त्या माणसाला टोपी घातली असेल, हा विचार भाजी चिरताना येई, अंथरूण झटकताना येई. विचारावं तर तो सांगेल, ही भीती होती. न विचारावं तर हा माणूस आपल्याला किती ठाऊक आहे, हा प्रश्न होता. मधूनच तोही मान वर करून तिच्याकडे बघे. खिशातला कागद उलटा घातला गेला होता का, हे तिला आठवत नव्हतं.

शनिवारी तो "मीटिंग" म्हणाला. ती "बरं" म्हणाली, आणि पाव तासानं निघाली.

या वेळीही ती रुमाल ओढून खाली चटईवरच बसली, पण पार पुढे, कडेच्या भिंतीजवळ, बाकांच्या अंगाला. तिथून बसलेल्यांचे चेहरे नीट दिसत नव्हते. दिसत होते ते पाय. पडद्याचा उजेड बाकांखालून सरपटत मातीच्या जमिनीवर येत होता आणि त्यात रांगेनं पाय होते. बूट, चपला, अनवाणी टाचा, हसण्यासरशी जमिनीवर आपटणारे.

चपलेचा प्रसंग आला. भिंतीवरच्या पोलिसानं वर्तमानपत्र उलगडलं. हॉल आधीच हसायला लागला होता, कारण निम्म्यांनी हे दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा पाहिलं होतं. चौथ्या बाकावर, कडेला, निळा पायघोळ गोमेसी नेसलेली एक बाई तर इतकी मोठ्यानं हसली की पुढच्या दोघांनी वळून पाहिलं. स्टुलावरून सालोंगोनंही पाहिलं. क्षणभर थांबला, कागदावर खरडलं आणि नजर पुढे नेली.

त्या बाईचे पाय मात्र आवाज फुटायच्या आधीच बाकाखाली, पार मागे, एकमेकांवर ओढले गेले होते. बोटं मुडपून घट्ट आत घेतली होती, कुणी पायातलं काढून घेईल अशी. वर हसू चाललं होतं आणि खाली ती बोटं सैल होत नव्हती. प्रसंग संपला, सायकल आली, बाजार आला. पाय तसेच राहिले.

सिनेमा संपल्यावर ती बाई झाडाखाली थांबली नाही. रिकामी टोपली काखोटीला मारून झपाझप थांब्याकडे निघाली. एस्तेरीनं तिला पाण्याच्या नळापाशी गाठलं. टोपलीला सुक्या मासळीचा वास होता.

"बाई, जरा थांबा. पिक्चर आवडला का?"

"छान आहे," ती बाई चालता चालता म्हणाली. "फार हसवतात."

"ती चप्पल..."

"कुठली चप्पल?"

सगळ्या गावात त्या चपलेखेरीज दुसरी गोष्ट नव्हती. आपण काय बोलून गेलो, हे त्या बाईच्याही ध्यानात आलं. तिनं टोपली या काखेतून त्या काखेत घेतली.

"तुम्ही कोण?"

"तो पडद्याशेजारी बसतो, त्याची बायको."

बाई एक पाऊल मागे सरली. नळावर पाणी भरणाऱ्या दोघीतिघी होत्या, त्यांच्याकडे तिनं पाहिलं, मग थांब्याकडे. अजून बस लागली नव्हती.

"तो तुम्हालाच शोधतोय," एस्तेरी हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे. म्हणून तर हसते." तिचा आवाज अगदी कोरडा होता. "पहिल्या दिवशीच कळलं मला, पोलीस आहे. उभं राहण्यावरून कळतात. म्हटलं, यांनी पिक्चर काढलाय तो आमच्यापैकी कुणी मागे उरलंय का, कुणाला काही आठवतंय का, ते बघायला. तीनदा आले. तिन्ही वेळा सगळ्यांच्या वर हसले."

"मग येता कशाला?"

टोपलीच्या कडेची एक सुटलेली काडी ती आत खोचत राहिली.

"आमच्या धक्क्यावरच्या मासळीवाल्या सांगत होत्या, हसत हसत. चपलेचं. मी म्हटलं, बघून तर येऊ. आल्यावर शेवटी ती भिंत दिसली. कापसाच्या बंद पडलेल्या जिनिंगची मागची भिंत आहे ना ती? तिथं पुरतात असं दाखवलंय. पण पिक्चरवाले काय, कुठलीही भिंत दाखवतात. म्हणून पुन्हा आले. पुन्हा बघितली. बघून काय कळणार?" तिनं पहिल्यांदा एस्तेरीच्या डोळ्यांत पाहिलं. "धाकटा भाऊ माझा. माझी चप्पल शिवून आणतो म्हणून तालुक्याला गेला. महिनाभर वाटलं, काम मिळालं असेल, काम्पालाला राहिला असेल. मग दोन्ही चौक्यांवर गेले. म्हणाले, वहीत असं कुणी नाही."

एस्तेरीला वहीत काय होतं ते ठाऊक होतं. या बाईनंही ते तीनदा पाहिलं होतं, हसत.

थांब्यावर बस आली. कंडक्टर दारात लटकून गावांची नावं ओरडू लागला. एस्तेरीनं नुसतं "बरं, जा" म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्या कागदावर या बाईपुढे 'हसली' असं लिहिलं गेलं होतं. आणखी दोन-चार शनिवार, मग सिनेमा दुसऱ्या गावी गेला असता आणि तिचा नवरा कॉफीच्या खऱ्या मीटिंगांना जाऊ लागला असता. मुलींना, जावयांना, चर्चमध्ये, कुणालाच काही कळलं नसतं. शुक्रवारी जोव्हियाकडे आलेला पोलीस पुन्हा आला असता, तरी रिकाम्या हातानं गेला असता.

"तुमचं नाव काय?" तिनं विचारलं.

"रेगिना."

"रेगिनाबाई, ती भिंत खरी आहे की नाही मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो माझ्या घरी आहे. उद्या सकाळी येता का?"

"एकटी?"

"कुणाला आणायचं त्याला आणा. धर्मशिक्षकांना आणा, वकील आणा. नाहीतर मी असेनच."

रेगिनानं बसकडे पाहिलं, मग पुन्हा एस्तेरीकडे. भरवसा बसल्याची काही खूण तिच्या तोंडावर नव्हती. "बघते," म्हणाली आणि बसमध्ये चढली.

एस्तेरी घरी आली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं आणि तो लाकडी दंताळ्यानं बिया वरखाली करत होता.

"उद्या कुठं जाऊ नका," ती म्हणाली. "पाहुणी येणार आहे."

"कोण?"

"तुमच्या कागदावर आहे. नाव नाही लिहिलंत तुम्ही. चौथा बाक, निळा गोमेसी, असं काहीतरी असेल."

दंताळं थांबलं. कागदाचं तिला कसं कळलं, हे त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, "चुकतंय तुझं. ती हसली होती."

"हो," एस्तेरी म्हणाली. "तुम्हाला भिऊन."

तो खाली बसला. बियांच्या कडेला, मातीतच. मग ती आत गेली आणि तिनं चूल पेटवली, कारण जेवायची वेळ झाली होती आणि दुसरं काय करावं, हे तिला सुचत नव्हतं.

रेगिना सकाळी नऊला आली. एकटीच. एस्तेरीनं पुढे केलेला चहा तिनं घेतला, पण प्यायली नाही. सालोंगो बाहेर आला तेव्हा बायका पुरुषाला अभिवादन करताना टेकतात तसे गुडघे तिनं टेकले नाहीत. उभीच राहिली. त्यानंही ते अपेक्षिलं नसावं. "चला," एवढंच तो म्हणाला.

जिनिंगपर्यंत अर्ध्या तासाची चाल होती. तो पुढे, मागे दहा-बारा पावलांवर रेगिना, आणि दोघांच्या मध्ये एस्तेरी. ते अंतर रेगिना राखत होती. तो थांबला की तीही थांबे. चर्चला निघालेली माणसं वाटेत भेटली, त्यांनी हाका मारल्या. कुणी थांबलं नाही.

भिंत तीच होती. तिच्यामागे मात्र आता निलगिरीची झाडं लावलेली होती, सरळ ओळींनी, पार ओढ्यापर्यंत. सालोंगो एका झाडाशी जाऊन उभा राहिला. मग चार झाडं पुढे गेला. भिंतीकडे पाहिलं, ओढ्याकडे पाहिलं, पुन्हा मागे आला.

"तेव्हा इथं नुसतं गवत होतं," तो म्हणाला. "इथं. नाहीतर तिथं. यापलीकडे नाही, एवढं नक्की."

रेगिना पहिल्या झाडापासून शेवटच्या झाडापर्यंत चालत गेली आणि परत आली. "चालेल," ती म्हणाली. "इथपासून तिथपर्यंत सगळी जागा त्याचीच धरते."

तिनं वाकून पालापाचोळा बाजूला करायला सुरुवात केली. एस्तेरीही वाकली. तो हात लावू की नको अशा बेतात उभा होता.

"कुणी मारलं त्याला?" रेगिनानं खालमानेनंच विचारलं.

"माहीत नाही. कुणी शोधलंच नाही. आम्ही... मी शोधलं नाही."

तिनं पाला गोळा करणं थांबवलं नाही. मग तो पुन्हा बोलला. आवाज इतका खाली होता की एस्तेरीला हात थांबवून ऐकावं लागलं.

"त्याचं नाव काय होतं?"

रेगिना उठून उभी राहिली. हातांची माती गोमेसीला पुसली. पाहुण्यानं नव्या घरात पाऊल टाकल्यावर आपली ओळख सांगावी तशा सरळ, ठाशीव आवाजात तिनं सांगितलं. "लाझारो काबुये. पावलो मुळुम्बाचा मुलगा. एनोका सेब्बोवाचा नातू. पाणमांजर कुळाचा. वय तेवीस."

झाडांमधून वारा गेला. समोरच्यानं अशी ओळख सांगितली की आपण आपली सांगायची असते; पोरंटोरंसुद्धा हे जाणतात. एस्तेरीनं नवऱ्याकडे पाहिलं.

मग त्यानं डोक्यावरची टोपी काढली, दोन्ही हात खाली सोडले आणि आजोबांच्या नावापासून सुरुवात केली.